देवयानीबाईंचा डबा

अर्चनाच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशव्यांमागे, जवळजवळ दोन वर्षं एक स्टीलचा डबा होता. झाकणावर नाव घातलेलं: सौ. देवयानी. अर्चना ही माझी नॉटिंगहॅममधली मैत्रीण, मूळची नागपूरची, इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि विसरायच्या नाहीत, हे तिचं काम आणि तोच तिचा स्वभाव. लोक तिला खुनशी म्हणतात. मी म्हणते, असावं माणसानं खुनशी. क्षमा ज्यांना परवडते त्यांनी करावी.

गोष्ट गणपतीतली. तिच्या मुलाचा, नीलचा, जीसीएसईचा म्हणजे इथल्या दहावीचा निकाल लागला होता. गणितात जेमतेम पास. शाळेने पुढे ए लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, गणित द्यायला सरळ नकार दिला, म्हणजे इंजिनिअरिंगचा रस्ता बंद. पोराला लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आरती झाली आणि डॉक्टर देवयानीबाई लेकीच्या, दियाच्या, त्याच परीक्षेच्या निकालाचे पेढे वाटायला उठल्या. सगळ्यांना एकेक देऊन झाल्यावर उरलेला डबा त्यांनी अर्चनाच्या हातात ठेवला.

"घेऊन जा गं घरी. तुमच्याकडे यंदा पेढे झाले नसतील ना!" मग नीलच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "डोन्ट वरी हं नील. प्लंबरला इथे काय डिमांड आहे! आमच्या बॉयलरसाठी कोणी मिळतच नाहीये."

चार जणी हसल्या. त्या चौघींची नावं मला अजून पाठ आहेत.

अर्चना "थँक यू" म्हणाली आणि घरी येऊन तिने डबा फ्रीझरमध्ये टाकला. "नीलचं गणित मार्गी लागू दे," ती मला म्हणाली, "हेच पेढे त्या बाईला तिच्या दारात जाऊन चारते."

नील कॉलेजात टेक्निकल कोर्सला गेला. तिथल्या सरांनी त्याला सांगितलं, की कॉलेज चालू असतानाच घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठाचं पहिल्या वर्षाचं गणित घेता येतं. पास झालास तर डिग्रीचे क्रेडिट आत्ताच तुझ्या नावावर, आणि इंजिनिअरिंगवाल्यांना दाखवायला पुरावा. अर्चनाचा नवरा विनय घाबरला. "अगं, दहावीचं झेपलं नाही त्याला, हे कसं झेपेल?" अर्चनाने फ्रीझर उघडून डबा दाखवला. चर्चा संपली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देवयानीबाईंनी विचारलंच, "अर्चना, माझा डबा राहिलाय गं तुझ्याकडे."

"देते की, ताई. रिकामा कसा देऊ?" अर्चना गोड हसून म्हणाली. आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. देवयानीबाई खूश झाल्या. मी तिळगूळ तोंडात कोंबून हसू दाबलं.

जुलैत निकाल आला. नील नुसता पास नाही, डिस्टिंक्शन! इंजिनिअरिंगची जागाही पक्की झाली. अर्चनाने मला बोलावून घेतलं, फ्रीझर उघडला, डबा काढला. हलका लागला. झाकण उघडलं तर आत काही नाही.

"आई, मी खाल्ले," दारातून नील म्हणाला. "प्रत्येक असाइनमेंट सबमिट केली की एक. खाताना मला तो प्लंबरचा जोक आठवायचा. मग इतका राग यायचा ना, की पुढचा चॅप्टर लगेच स्टार्ट करायचो. सॉरी."

अर्चनाला वाटत होतं, अपमान तिनेच एकटीने जपून ठेवलाय. मग ती त्याला धरून रडली, आणि मलाही आवरेना.

रडून झाल्यावर तिने डबा घासला, पुसून लख्ख केला. मी सवयीने साखरेची बरणी पुढे केली.

"एक दाणा घालणार नाही," अर्चना म्हणाली.

देवयानीबाईंच्या घरासमोर मी गाडीतच बसले, काच खाली करून. हे सोडणार होते की काय मी! देवयानीबाईंनी हसत डबा घेतला, झाकण उघडलं आणि आत बघतच राहिल्या.

"रिकामा?"

"हो ताई. तुमचे पेढे नीलच्या अभ्यासात संपले. कॉलेज संपायच्या आत युनिव्हर्सिटीचे क्रेडिट मिळवलेत त्याने. बॉयलरसाठी मात्र तुम्ही दुसरं कोणीतरी बघा."

बाईंचं तोंड असं झालं की मला त्या रात्री शांत झोप लागली.

ऑगस्टमध्ये दियाचा ए लेव्हलचा निकाल लागला. गणितात ग्रेड हुकली, युनिव्हर्सिटीतली ठरलेली जागा गेली. आठवड्याभराने अर्चनाकडे चहा पीत होते, तेव्हा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला.

"अर्चना, नील जाईपर्यंत दियाला थोडं गणित शिकवेल का गं? परत परीक्षेला बसतेय ती." आवाज अगदी खाली आला होता.

मी असते तर फोन आपटला असता. अर्चनाने चहाचा एक घोट घेतला.

"पाठवा की, ताई. पोरीचा काय दोष?" ती म्हणाली. "फक्त तिच्याबरोबर तो डबा पाठवा. आणि हो, रिकामा पाठवू नका."