तीन खिळ्यांची काच

काचवाले काका तीस वर्षं गावातल्या खिडक्यांना काचा बसवत होते. काच धरून ठेवणाऱ्या पट्टीला सहा खिळे लागायचे, तिथे ते तीनच ठोकायचे. कुणी हटकलंच तर म्हणायचे, "इथे कुठे वादळं येतात? तिला काय धाड भरणार आहे!"

आणि त्या दुपारी वादळ आलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं, असलं. पत्रे कागदासारखे उडत होते. काका पलंगाखाली अंग चोरून बसले होते. बाहेर खळ्ळकन आवाज झाला की पुटपुटायचे, "ही समोरच्या शाळेची... ही शिंप्याची." मधेच लेकीला फोन लावून बघायचे; ती दवाखान्यात नर्स होती. तिथल्या हॉलची भिंतभर काच त्यांनी गेल्याच वर्षी बसवली होती. तिलाही खिळे तीनच.

फोन काही केल्या लागेना. पंधराव्या खेपेला लागला.

"अगं, त्या काचेपासून लांब हो! आधी लांब हो!"

"बाबा, किती घाबरता!" लेक हसली. "मागचं छप्पर उडालं, म्हणून सगळ्या पेशंटना मी हॉलमध्ये त्या काचेपाशीच आणून बसवलंय. म्हटलं, माझ्या बाबांच्या हातची आहे, तिला काय धाड भरणार आहे!"