वर्धा ते मिलान, रोज दुपारी बंद

गजूभाऊंचं नाव आधी घेतो. ते नसते, तर त्या दुपारी मनोहरशेठची बोलणी खायला मी तिथे उभाच नसतो.

वर्धा स्टेशनसमोर गजूभाऊंचा एसटीडी बूथ होता. मी अल्लीपूरहून कॉलेजसाठी आलेला, घराण्यातला पहिलाच. त्यांनी मला संध्याकाळी बूथवर बसायचं काम दिलं, तिथेच अभ्यास करू दिला. मुंबईच्या मुलाखतीसाठी स्वतःचे बूट दिले. ते मोठे होत होते, म्हणून पुढे कापूस कोंबला आणि गेलो. नोकरी लागली.

कंपनी टेलिफोनची, मोठी. माझा विभाग इंटरनॅशनल बिझनेस सर्व्हिसेस, नेमणूक नागपूरला. ज्या व्यापाऱ्याचं परदेशाशी रोजचं काम आहे, त्याला आम्ही लीज्ड लाइन देत असू. म्हणजे दोन ठिकाणांमधला खासगी रस्ता. नंबर फिरवायचा नाही, ट्रंक कॉल लागायची वाट पाहायची नाही. अर्धा रस्ता आमचा, पुढचा अर्धा तिकडच्या कंपनीचा. आपल्या टोकाला एक पेटी असते, मोडेम. कॉम्प्युटरची भाषा ती तारेवर चढवते आणि उतरवते.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. अशा लाइनी मुंबई-पुण्यालाच जायच्या. मी हट्ट धरला की आपल्या जिल्ह्यातही गिऱ्हाईक आहे. ते गिऱ्हाईक म्हणजे मनोहरशेठ. वर्ध्याबाहेर त्यांची जिनिंग फॅक्टरी होती. तिथे कापसातून सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधतात. त्यांचा माल आजवर मुंबईच्या दलालाच्या नावाने परदेशी जायचा. आता मिलानची एक सूतगिरणी थेट त्यांच्याकडून घ्यायला तयार झाली होती. अट एकच. रोजच्या तपासणीचे आकडे आणि रुईचे फोटो फॅक्टरीतून सरळ त्यांच्या टेबलावर दिसले पाहिजेत. सलग एक आठवडा लाइन नीट चालली तर सौदा पक्का. नाहीतर पुन्हा दलाल.

लाइन रोज दुपारी बंद पडत होती.

"सकाळी टकाटक चालते," मनोहरशेठ म्हणाले. "आन तिकडचा साहेब ऑफिसात येऊन बसला का हे झोपते. तुमी मले म्हणलं होतं ना, वर्धा आन मिलान शेजारी-शेजारी येते म्हणून? असा कसा शेजार?"

आपल्याकडे दुपार होते तेव्हा मिलानची ऑफिसं उघडतात. त्यामुळे सगळ्यांचा संशय पलीकडच्या अर्ध्यावर गेला. मुंबई म्हणे मिलानचं बिघडलंय. मिलान म्हणे मुंबईचं. मी इंजिनिअरला घेऊन दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा आम्ही आहोत तोवर लाइन छान चालली. आम्ही मोडेमही बदललं. आमची पाठ फिरली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मुंबईच्या पाठक मॅडम माझ्या बॉस होत्या. मी फोन केला.

"मॅडम, मी परत जातो."

"तिसऱ्यांदा? मग आता तिथेच घर करा."

"लाइन चालते मॅडम. मी गेलो की चालते."

"मग तुम्हालाच लाइनला जोडून ठेवू का?" त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे बघा, शेठजींनी लाइन परत केली तर पुढच्या वेळी तुमचा जिल्हा मी कुठल्याही मीटिंगमध्ये मांडू शकणार नाही. जा."

जाण्याआधी फॅक्टरीत कळवायची पद्धत होती. त्या दिवशी त्यांचा फोन लागेचना. मी नागपूरहून तसाच निघालो आणि ऐन दुपारी, न कळवता, ऑफिसात शिरलो. बाहेर मे महिना पेटला होता. अकाउंटंट जेवायला गेलेला. मोडेमच्या टेबलावर फुलाफुलांची, झालर लावलेली एक जाडजूड रजई होती. तान्हं बाळ गुंडाळून ठेवावं तशी. मोडेम दिसत नव्हतं.

मी हात पुढे केला.

"हात नोका लावू, साहेब!" मागून मनोहरशेठ ओरडले. "माँजीनं शिवली हाय. आपल्या घरच्या रुईची."

माँजी म्हणजे त्यांची आई. फॅक्टरीच्या मागेच घर. आवाज ऐकून त्या स्वतःच आल्या.

"आले का तुमी? आन मले सांगतलं काऊन नाई? थांबा, काढते."

"माँजी, हे रोज असतं?"

"रोज म्हणजे? इथं कापसाची धूळ उडून राह्यली. इतकी महागाची मशीन, परदेशातली. तिले उघडी ठेवू का?"

"मग आम्ही आलो तेव्हा कधी दिसली नाही."

"पाहुण्याच्या समोर झाकून ठेवतात का कोणी? तुमचा फोन आला का मी आधी रजई काढते, फडकं मारते, मग चहा ठेवते."

मी रजईखाली हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मोडेम तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. त्याच्या अंगाला हवा जायला फटी असतात, त्या सगळ्या बुजल्या होत्या. सकाळी खोली गार, म्हणून चालायचं. दुपारी ऊन चढलं की आतून भाजून गप्प व्हायचं. मग अकाउंटंट बंद-चालू करायला रजई काढायचा, ते गार व्हायचं, चालू व्हायचं, आणि तो पुन्हा प्रेमाने पांघरूण घालायचा.

माँजींना वाईट वाटेल म्हणून मी शब्द शोधत होतो. पण त्यांनी माझा चटकन मागे आलेला हात पाहिला होता.

"म्हणजे मी त्याले मे महिन्यात रजई घातली?"

"हो, माँजी."

"आन त्यानं एका शब्दानं सांगतलं नाई?"

"रोजच सांगत होतं. दुपारी बोलणं बंद करून."

त्या इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्या. मनोहरशेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "इटलीच्या साहेबाले म्यां काय काय लिहून धाडलं!"

पण धूळही खरीच होती. त्यावर तोडगा माँजींनीच काढला. स्वयंपाकघरातलं दूध-दह्याचं जाळीचं कपाट त्यांनी रिकामं करून ऑफिसात आणवलं. मोडेम वरच्या कप्प्यात गेलं. हवा आत, कापूस बाहेर.

मी मॅडमना फोन केला.

"फॉल्टच्या रकान्यात काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"रजई."

"नीट सांगा."

"व्हेंटिलेशन, मॅडम."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला एकच सूचना आवर्जून देत आलो. आम्ही येणार म्हणून आवरून ठेवू नका. आवरलेल्या खोलीत बिघाड सापडत नाही.

पुढचं मी गजूभाऊंना लिहिलं, ते असं:

"आदरणीय गजूभाऊ, नमस्कार. आठवडाभर लाइन एकदाही बंद पडली नाही. सौदा पक्का झाला. काल गाठींचा पहिला ट्रक निघाला. प्रत्येक गाठीवर वर्धा छापलंय, दलालाचं नाव कुठेच नाही. मनोहरशेठ एक-एक गाठ हाताने थोपटत होते. माँजी म्हणाल्या, नारळ साहेबानं फोडायचा. मी नाही-नाही म्हणत होतो, पण त्या ऐकेनात. दोनदा आपटूनही नारळ फुटला नाही. हमाल हसायला लागले. तिसऱ्यांदा फुटला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कोणाला दिसू नये म्हणून मी टायरमागे गेलो. तुम्ही हवे होतात. पुढचा ट्रक पंधरवड्याने निघतो. बूथ एक दिवस बंद ठेवा आन येजा. नारळ तुमच्याच हातानं फोडायचा, मी माँजींना सांगून ठेवलं आहे."