कमरेची गाठ

ओल्या दोराचा वास आला की मार्कंड्याच्या यात्रेतला तो पुढारी आठवतो. वैनगंगेवरची नाव गच्च भरलेली, तरी हा माणसं चढवतच होता. नौदलातून निवृत्त झालेले माझे बाबा म्हणाले, “दहा जण उतरवा, नाईतर नाव बुडन.” तो हसला, “समुद्रातला फौजी नदीले भेते काऊन?” “भेतो म्हणूनच जित्ता हाओ, भाऊ.” काठापासून वीस हातांवर नाव कलंडली. बाकीचे छातीभर पाण्यात उभे राहिले, हा मात्र पलीकडच्या खोलात पडून गटांगळ्या खाऊ लागला. बाबांनी उडी टाकून त्याच्या कमरेला नावेचा दोर बांधला आणि ओढून काढलं. काठावर येताच हा छाती फुगवून म्हणतो, “मी होतो म्हून सारे वाचले!” पण ती खलाशाची गाठ त्याला सुटेना, शेवटी बाबांपुढेच दोन्ही हात वर करून उभा राहिला. परवा बाबांच्या शोकसभेत भाषणाला तोच उठला आणि पुन्हा तेच, “त्या दिवशी मी होतो म्हून सारे वाचले!” घरातली पहिली पदवीधर मी, चारचौघांत बोलायला शिकलेली. त्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि या गाठीची गोष्ट सगळ्यांना सांगितली.