जर्सी ठेवून जा

कोल्हापूर सोडलं त्या दुपारी मला पोचवायला स्टँडवर आई, आबा आणि गल्लीतली दहा-बारा माणसं आली होती. दादा सगळ्यांत शेवटी आला, मैदानावरून तसाच, बुटांना माती. आई मला तिसऱ्यांदा सांगत होती, "पोचलास की मिस्ड कॉल दे, आणि चटणीचा डबा आडवा करू नको." दादानं तिचं बोलणं संपू दिलं. मग म्हणाला, "जातोयस तर जा. जर्सी ठेवून जा."

बॅग गाडीच्या डिकीत गेली होती. क्लीनरनं कुरकुरत ती परत काढली. मी सगळ्यांसमोर जमिनीवर बसून स्वेटर, सर्टिफिकेटं, आईनं दिलेले लाडू बाजूला केले आणि तळातून एक नंबरची जर्सी काढली. दादानं ती पिशवीत घातली आणि गाडी सुटायची वाट न बघता निघून गेला.

तुम्ही जे कोल्हापुरातच राहिलात, त्यांना हे माहीत आहे. पण माझ्यासारखे जे कुठून कुठून इकडे इंग्लंडला आले, त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे फुटबॉलची टीम तालमीची असते आणि तालीम पेठेची. ज्या पेठेत जन्मलात तिची टीम तुमची, कुणी विचारत नाही आणि कुणाला विचारावंसंही वाटत नाही. दादा गुडघा गेल्यावर आमची टीम सांभाळायचा. मी गोलकीपर. त्या वर्षी कितीतरी वर्षांनी आम्ही फायनलला गेलो होतो आणि माझं तिकीट फायनलनंतर दोन दिवसांनी होतं. सगळं जुळत होतं. मग सेमीफायनलला दोन्हीकडच्या समर्थकांत मारामारी झाली, मॅचेस थांबल्या, फायनल आठवडाभर पुढं गेली. मी सगळ्यांना सांगितलं, हॉस्पिटलची जॉइनिंगची तारीख बदलत नाही. फायनल आम्ही तीन गोलांनी हरलो. लेस्टरच्या भाड्याच्या खोलीतून मी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "हरले रे," आणि लगेच विचारलं, "जेवलास का?"

खरी गोष्ट अशी की मी हॉस्पिटलला कधी विचारलंच नव्हतं. एक ईमेल टाकायचा होता. विचारलं आणि त्यांनी नोकरीच दुसऱ्याला दिली तर, या भीतीनं मी गप्प बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

एकोणीस वर्षं झाली. मी लेस्टरात फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे गुडघे चालते करतो. देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर सगळं मिळतं, फक्त आमच्यासारखी कांदा-लसूण चटणी नाही. तेव्हा एका खोलीत तिघं राहायचो आणि शांत झोप लागायची. आता मागं बाग असलेलं घर आहे आणि मला कुठं बसवत नाही. रविवारी सकाळी उगाच गाडी काढून रिंगरोडला चक्कर मारून येतो. तीन घरं बदलली. बायको म्हणते, तुला घर नको असतं, घर शोधायला हवं असतं. ती बरोबर असावी.

दादाशी दर रविवारी बोलतो. आबा गेल्याला सहा वर्षं झाली. आईचं औषध, नळाचं पाणी, पेठेतलं कोण गेलं, सगळं बोलतो. फुटबॉलबद्दल एक शब्द नाही, त्याच्याकडून नाही आणि माझ्याकडूनही. पाच वेळा कोल्हापूरला जाऊन आलो, त्यातल्या दोन वेळा ऐन सीझनमध्ये. मॅचच्या दिवशी हलगी ऐकू आली की मी आईचं औषध आणायच्या निमित्तानं बाहेर पडायचो, स्टेडियमच्या उलट्या दिशेला. दादानं माझ्यावर अजून राग धरलाय की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं आणि तेवढंच विचारायची हिंमत नव्हती.

दादाचं फुटबॉलचं बोलणं होतं ते माझ्या मुलीशी. मुक्ता सोळा वर्षांची आहे, जन्म लेस्टरचा. तिचा फुटबॉल मात्र अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. नऊ वर्षांची असताना मैत्रिणीच्या वडिलांनी लंडनला एक मॅच दाखवली आणि त्या दिवशी जी टीम सपाटून हरली ती हिनं धरली. टीम अजून हरतेच आहे. या खेळात दर एप्रिलला ड्राफ्ट असतो. कॉलेजातल्या तयार पोरांना सगळ्या टीम्स आळीपाळीनं निवडतात, तळाच्या टीमला आधी पाळी. कुठं जायचं हे पोराला विचारत नाहीत. नाव पुकारलं की स्टेजवर जायचं, डोक्यावर टोपी चढवायची, हातात जर्सी घ्यायची. मुक्तानं हे फोनवर दादाला समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे पेठ बी तेच ठरवणार?"

ड्राफ्ट इथल्या मध्यरात्रीनंतर असतो आणि शुक्रवारी शाळा. त्यामुळे मुक्ता आणि तिचे चार मित्र-मैत्रिणी शुक्रवारी शाळेतून थेट आमच्याकडे येऊन रेकॉर्डिंग बघतात. दिवसभर फोन बंद, कुणी बातमी सांगायला लागलं की कानांवर हात. घरात आल्यावर सगळ्यांचे फोन माझ्या पोळ्यांच्या डब्यात जातात. यंदा मी घरी होतो.

"बाबा, तुझा पण," मुक्ता म्हणाली.

"मला कोण सांगणार आहे?"

"रूल इज रूल. मागच्या वर्षी आईने स्पॉइल केला होता."

टाकला. पहिली पाळी मुक्ताच्या टीमचीच होती. त्यांना चेंडू फेकणारा हवा होता, सगळ्या टीमचा खेळ ज्याच्या हातून चालतो तो. पाचही जणांनी त्याचं नावसुद्धा ठरवलं होतं. आणि पुकारलं गेलं भलत्याचंच. एक आडदांड पोरगं, ज्याचं काम फक्त समोरच्याला अडवून धरणं. तेवढ्यात डबा थरथरला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. एकानं तोंड उशीत खुपसलं. एक मुलगी नुसतीच "हू? हू?" करत राहिली. मुक्तानं अंगातली जर्सी काढून उलटी घातली.

पडद्यावर तो पोरगा टोपी हातात घेऊन रडत होता. त्याची आई त्याच्या दंडाला धरून उभी होती. त्याला माहीत नव्हतं की चार हजार मैलांवर आमच्या हॉलमध्ये पाच जण त्याच्या नावानं बोटं मोडतायत.

मुक्ता माझ्याकडे वळली. "बाबा, हा मुलगा नको होता आपल्याला."

हे ‘आपल्याला’ तिच्या तोंडून इतकं सहज आलं की मला तिचा हेवा वाटला. ती ज्या गावाला कधी गेली नाही, त्या गावाच्या टीमवर हक्कानं चिडत होती. मी उठलो आणि डबा उघडला. थरथरला होता तो माझाच फोन. दादाचा मेसेज, घराच्या ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

"बघून झालं आसंल. मी पहाटे साडेपाचला उठून बघितलं, दिवसभर तोंड दाबून बसलोय. पोरीला सांग, नाराज हू नको. पोरगं पाय बरोबर टाकतंय."

दादानं मला फुटबॉलबद्दल लिहिलं होतं. मी मागच्या दारातून बागेत गेलो आणि त्याला फोन लावला. तिकडे जेवणं आटोपली असावीत. त्यानं उचलला आणि त्यानं काही म्हणायच्या आधी मी बोलून टाकलं. "दादा, तारीख बदलते का, हे मी हॉस्पिटलला विचारलंच नव्हतं."

मागं आईचा टीव्ही चालू होता.

"विचारायला पायजे हुतंस," तो म्हणाला.

"हो."

"आपण तुझ्यामुळंच हरलो. दोन गोल तर तू झोपेत आडवले असतेस."

"तू अजून रागावलायस?"

"चार-पाच वर्षं हुतो. मग कुठवर धरून बसायचं? तुझी जर्सी त्याच आठवड्यात दुसऱ्याला दिली. पयल्या मॅचला आपलीच लोकं त्या पोराला नको नको ते बोलली. म्हनले, ह्याला कुठनं आणलं. दोन वर्षांनी त्यानंच कप आणला. आता पोरांना तोच शिकवतोय."

मला बरं वाटलं आणि लागलंही, दोन्ही एकदम. कारण एवढी वर्षं मी मनात धरून चाललो होतो की ती जागा तिथं माझ्या नावानं रिकामी आहे आणि येणारा-जाणारा तिच्याकडे बघून मला दोष देतोय. कोल्हापूरनं तर एका आठवड्यात दुसरा निवडला होता. रिकामी जागा मीच इकडे सांभाळत बसलो होतो, घरं बदलत.

"आत्ता कोण आहे गोलात?" मी विचारलं.

"हाय एक. बॉल हवेतनं आला की गडबडतंय. फायनल हाय आपली, तीन आठवड्यांनी."

"मग त्याला कशाला घेतलं?"

हे तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी चिडलो होतो. दादा हसला. "ये की मग. स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून शिव्या घाल त्याला. मुक्तालाबी आण."

आत गेलो तेव्हा मुलांनी त्या आडदांड पोराचे जुने खेळ लावले होते. मुक्ताची जर्सी उलटीच होती, पण ती पडद्याला नाक लावून त्याचे पाय बघत होती. मी तिला काकाचा निरोप दिला. ती म्हणाली, "काका सेज दॅट? मग ठीक आहे, थोडा वेळ देऊ त्याला."

मला अजूनही एका जागी बसवत नाही, ते काही एका फोननं जाणार नाही. पण घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी सांगेन, जिथल्या टीमनं भलताच गोलकीपर घेतला म्हणून आपलं डोकं फिरतं ते. तिथं आपली जागा राखलेली नसते. पायऱ्यांवर बसायला मात्र कुणी अडवत नाही.

मंगळवारी मी मॅनेजरच्या खोलीत गेलो आणि फायनलसाठी दहा दिवसांची सुट्टी मागितली. वर हेही विचारलं, की मॅच पुढं गेली तर आणखी आठवडा मिळेल का. तिनं कॉम्प्युटरवर ड्युट्यांचा रोटा बघितला आणि म्हणाली, चालेल, जमवू. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या वर्षीही तेवढीच लागली असती.