विमानाच्या टाकीतलं पाणी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून होतो, तरी गप्पच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. जे ओळखतात ते मला भला माणूस समजतात.

मी अड्याळचा. विमानांचा मेकॅनिक. आमच्या भागात वैमानिक तयार करणारी एक लहानशी खाजगी शाळा आहे. एक धावपट्टी, एक शेड, चार छोटी विमानं. लाखनीच्या पुढे धानाच्या बांधीत त्यातलं एक विमान पडलं. आत दोघं होतो. एक मेलं, एक वाचलं. वाचलेला तो मी.

मेल्या त्या सायली मॅडम. सव्वीस वर्षांच्या, वर्ध्याकडच्या. विमान चालवायला शिकवायच्या. मला दादा म्हणायच्या.

लोक विचारतात, कसा वाचलास? मी म्हणतो, नशीब. ते खोटं नाही — पण नशीब पहिल्या अर्ध्या मिनिटापुरतं होतं. त्यानंतरचं सगळं मी केलं.

थांबा. आधी पाण्याचं सांगायला हवं.

पावसाळ्यात उघड्यावर उभ्या विमानाच्या टाकीत पाणी झिरपतं. झाकणाचं रबर कडक झालं की हमखास. आमची रबरं कधीचीच गेली होती. मी नवी मागायचो, मालक पुढच्या महिन्यावर ढकलायचे. पण त्यावर साधा उपाय होता. उडायच्या आधी पंखाखाली वाकायचं, टाकीच्या तळातून पेलाभर पेट्रोल काढायचं, उजेडात धरायचं. पाणी असलं तर तळाशी बसतं, लहान पोरालाही दिसेल. दोन मिनिटांचं काम. ते माझं काम होतं.

त्या आठवड्यात झड लागली होती. त्या दिवशी सकाळी उघडलं. इंजिनाची दुरुस्ती झाली होती, एक फेरी मारून बघायची होती, म्हणून मीही सोबत बसणार होतो. मॅडम दुसऱ्या विमानातलं आधीचं उड्डाण संपवून आल्या. दाराला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "विलासदादा, टाकीतलं पाणी बघितलं ना?"

"हो, मॅडम."

बघितलं नव्हतं. काहून नव्हतं? विमानाखाली चिखल होता आणि मला चिखलात गुडघे टेकायचा कंटाळा आला. बस, एवढंच. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

वर गेल्यावर चार-पाच मिनिटांत इंजिन खोकलं. दोनदा. मग पंखा समोर उभाच राहिला. असली शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मॅडम ओरडल्या नाहीत. खाली बघून बांधी निवडली. म्हणाल्या, "दादा, पट्टा घट्ट करा. तुमच्याकडचं दार उघडून ठेवा." माझं दार. तेव्हाही त्यांना माझं दार आठवलं.

चाकं चिखलात उतरली, बरोबर उतरली — आणि पुढच्या धुऱ्याला, बांधाच्या मातीला, अडकून विमान उलटं झालं. काच फुटून आत आली. माझे दोन दात तुटले. डोकं खाली, पाय वर, असा पट्ट्याला लटकत होतो आणि नाकातोंडात पेट्रोल ठिबकत होतं. मी पट्टा काढला आणि छपरावर आदळलो. दार उघडंच होतं.

मॅडमचे पाय समोरच्या यंत्रांच्या फळीखाली चेचले गेले होते. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. पण त्या शुद्धीत होत्या. हे ऐका — पूर्ण शुद्धीत होत्या. त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, "दादा, पाय अडकलेत." आणि मग, अगदी हळू, "पाणी होतं ना टाकीत? बघितलं नव्हतं ना तुम्ही?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही वेगळं केलं असतं का? माहीत नाही. मी त्यांचं मनगट पकडलं आणि दाराच्या कडेवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. बोटं सुटली. मी बाहेर आलो.

शेजारच्या बांधीत रोवणा, धानाची लावणी, चालू होता. बाया धावत आल्या. सगळ्यांत पुढे पुस्तकलाबाई — साठीच्या, कमरेला लुगडं खोचलेलं, हातात धानाची रोपं तशीच. इंजिनाजवळ एक लहानशी ज्वाळ उठली होती. ताटाएवढी. बाया दहा-बारा होत्या, विझवायला चिखल हाताशी होता, विमानाची एक बाजू सहज उचलली असती त्यांनी.

पुस्तकलाबाईंनी विचारलं, "अंदर कोनी जितं हाय का रे बाबू?"

मी म्हणालो, "नाही. मेली."

आता सांगितलं. का म्हणालो, तेही सांगतो, उगीच घाबरलो होतो वगैरे नको. मॅडम जगल्या तर पाण्याचं सांगतील — हे माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. बाया थांबल्या. मग ज्वाळेनं टाकी धरली. आतून किंकाळी आली. पुस्तकलाबाई पुढे पळाल्या, मी त्यांना कमरेला विळखा घालून मागे ओढलं. त्या माझ्या हाताला चावल्या, तरी सोडलं नाही. "स्फोट होईल, मावशी," एवढंच म्हणत राहिलो. किंकाळी किती वेळ होती? कोणी मोजलं नाही. थांबेपर्यंत होती.

पुढे लोक म्हणाले, विलासने स्वतः जखमी असून बायांचे जीव वाचवले. गावानं शाल दिली. मी घेतली.

चौकशीला साहेब आले. मी एकटाच साक्षीदार. मी सांगितलं, "मी पाणी बघायला निघालो होतो, मॅडम म्हणाल्या राहू द्या, उशीर होतोय." मालकांनाही ते सोयीचं होतं. अहवालात वैमानिकाचा निष्काळजीपणा आला. रबराचं नाव कुठेच नाही.

वर्षभराने लाखनीच्या बाजारात पुस्तकलाबाई भेटल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाबू, मले अजून आयकू येते. तू मेली म्हनलास, मंग वरडत कोन होतं?"

मी म्हणालो, "पत्रा होता, मावशी. तापला का तसाच आवाज करते."

त्यांनी मान हलवली. "मले वाटलं, मीच कमी पडली," म्हणाल्या आणि भाजीची पिशवी उचलून गेल्या.

मॅडमचे वडीलही आले होते, अड्याळला, माझ्या घरी. निवृत्त शिक्षक. चहा तसाच ठेवून बसले. म्हणाले, "ती घाई करणारी नव्हती हो. घराचं कुलूप दोनदा ओढून बघायची. तिने खरंच राहू द्या म्हटलं?"

"हो, सर."

"त्रास झाला तिला?"

"नाही, सर. लगेच गेल्या."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही वाचलात, बरं झालं," म्हणाले. माझ्या हातावरचा चावल्याचा व्रण त्यांच्या अंगठ्याखाली होता.

आता सर विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळांमधून फिरतात. स्वतःच्या खर्चाने, एसटीने. मुलांना पेल्यात पेट्रोल आणि पाणी घालून दाखवतात. या पावसाळ्यात आमच्या शाळेत आले. मी अजून तिथेच आहे, हेड मेकॅनिक. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, मी शेवटच्या रांगेत बसलो.

सर पुढे उभे राहिले. म्हणाले, "माझी मुलगी हुशार होती. पण त्या दिवशी तिने दोन मिनिटं वाचवली. मेकॅनिक सांगत होता, तिने ऐकलं नाही. तुम्ही असं करू नका. ते बघा — ते मागे बसलेत, तेच ते विलासदादा. त्यांचं ऐकत जा."

सगळी मुलं वळली. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मी उभा राहिलो आणि हात जोडले.