पिवळा दिवा विझेपर्यंत

पहाटेच्या निःशब्द हवेत डिझेलचं इंजिन सुरू होतं तेव्हा त्याचा आवाज आधी कानाला येत नाही, तळपायाला येतो. खिडकीच्या काचा किंचित थरथरतात, ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण बारीक किणकिणतं, आणि मग तो खर्जातला, भरदार, संथ स्वर जिन्याच्या पायऱ्या चढावा तसा वर येत राहतो. उम्म अल कुवैनच्या खाडीवरून खारट वारा वाहत असतो, तिवरांच्या शेंड्यांवर बगळे नुकते जागे झालेले असतात, आणि त्या सगळ्या निवांत, निर्मळ प्रहरात हा एकच राकट स्वर! तुम्ही म्हणाल, इंजिनाच्या घरघरीत कसलं आलंय माधुर्य? मीही बावीस वर्षं हेच म्हणत होते. ज्या दिवशी तो आवाज बंद पडला, त्या दिवशी मला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला.

हा आवाज माझ्या यजमानांच्या गाडीचा. विनायक त्यांचं नाव; इमारतींच्या देखभालीची कंत्राटं घेत आणि रास अल खैमाच्या डोंगरापासून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कपर्यंत हिंडत. इथे मोटारगाडी म्हटलं की पेट्रोलचीच. डिझेल ट्रकांचं, बसांचं आणि होड्यांचं. त्यात ह्यांनी कुठूनशी हाताने गियर टाकायची, उंच, करड्या रंगाची डिझेल गाडी मिळवली आणि तिच्यावर जीव लावला. आठवड्यातून दोनदा स्वतः धुवायचे, इतकं घासूनपुसून की इंधनाच्या झाकणावरची 'डिझेल' लिहिलेली पट्टीसुद्धा निघून गेली. मी म्हटलं, अहो, नवी लावा. तर म्हणे, ही काय खातेपिते ते मला ठाऊक आहे, पट्टी कशाला!

आणि मग डोळे गेले. एकदम नव्हे, मधुमेहाने दृष्टिपटलाचा मधला भाग हळूहळू झिजवला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणूस दारात उभा राहिला तर चौकट दिसते, चेहरा नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, त्या दिवशी ह्यांनी किल्ली माझ्या मोती ठेवायच्या डबीत टाकली आणि बोलणं कमी केलं. सगळ्यात वाईट काय झालं, सांगू? हे काहीही विचारेनासे झाले. चहाचा कप कुठे आहे, हे विचारण्यापेक्षा तो हाताने लवंडतील. चप्पल कुठे आहे, हे विचारण्यापेक्षा अनवाणी जातील. माणूस अंधारात गेला तरी हाक मारत असेल तर तो आपल्यातच असतो; पण ज्याने हाक मारणंच सोडलं, त्याला शोधायचं कुठे?

अशा दिवसांत डेल आला. तो अमेरिकन, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनियर, पन्नाशीचा, बुटांवर सदा धूळ. आमच्या वाहनतळात उभी असलेली करडी गाडी पाहून त्याने पहारेकऱ्याकडे मालकाची चौकशी केली आणि थेट दारावर येऊन उभा राहिला. मी डबीतली किल्ली काढली आणि ह्यांचा हात धरून त्याच्याबरोबर खाली गेले; त्याने किल्ली घातली, अर्धी फिरवली आणि थांबला. समोरच्या काट्यांमध्ये वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. इंजिनाच्या पोटात ऊब तयार होईपर्यंत तो जळतो आणि विझला की मग किल्ली पुढे फिरवायची. इथल्या उन्हात तो डोळ्याचं पातं लवायच्या आत विझतो. पण डेल ओठातल्या ओठात तीनपर्यंत मोजत राहिला. मी चमकून ह्यांच्याकडे पाहिलं, कारण हेही बावीस वर्षं तसंच मोजत आले होते. ह्यांना डेलचे ओठ दिसले नसतील, पण ती थांबण्याची लय मात्र ऐकू आली. कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर हसू आलं.

त्या दिवशी बैठकीत पोह्यांच्या बशीवर डेलने आपली कहाणी सांगितली. त्याच्या लहानपणी वडिलांकडे डिझेल गाडी होती. बर्फाच्या सकाळी ते बापलेक त्या पिवळ्या दिव्याकडे टक लावून बसत. कधी गाडी चालू होई, कधी नुसतीच खोकून गप्प बसे. काळा धूर, खडखडाट, हाताला न सुटणारा वास, शेजारी हसत. साऱ्या देशाच्या मनात डिझेलची तीच मूर्ती बसली आणि पुढच्या पिढ्यांनी ती न तपासताच उचलली. पुढे इंजिनं सुधारली, आवाज मवाळ झाला, धूर गाळला जाऊ लागला. मधे काही ठिकाणी धुराच्या मोजणीत लबाड्याही झाल्या आणि पुष्कळांचं मन विटलं, हेही त्याने लपवलं नाही. तरीसुद्धा तिकडे एक जमात आहे, तो म्हणाला, जिला डिझेलशिवाय करमत नाही. ज्यांचं एक गाव दुसऱ्यापासून दिवसभराच्या अंतरावर आहे, ज्यांना मागे होडी नाहीतर घोडे वाहून न्यायची गाडी जोडून घाट चढायचा असतो, एकदा टाकी भरली की पंपाचं तोंड बघायचं नसतं, अशी माणसं. आणि नेमक्या असल्या, हाताने गियर टाकायच्या डिझेल गाड्या त्यांच्याकडे मिळत नाहीत. 'विनी,' तो ह्यांना म्हणाला, 'आय हॅव वॉन्टेड धिस कार ऑल माय लाइफ.'

मी विचार करत राहिले, ही ओढ नक्की कशाची? वेगाची तर नव्हेच. पेट्रोलच्या इंजिनाला पेटायला बाहेरून ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबत न्यायची, इतकी की दाबानेच ती तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा थेंब आपोआप पेटावा! दडपणाखाली विझण्याऐवजी पेटणारं हे यंत्र. त्याला घाई नाही, मिजास नाही, पण ओझं लादलं की ते जास्त नेटाने ओढतं. विस्तीर्ण भूमीवर एकट्याने लांबचा पल्ला मारणाऱ्या माणसाला असा सोबती आवडला तर नवल काय? आणि मुलूख सोडून वाळवंटात येऊन बावीस वर्षं संसार ओढणाऱ्या आमच्यासारख्यांना तरी दुसरं काय आवडणार!

पण ह्यांनी तेवढ्यात शब्द देऊन टाकला होता. 'खलास,' म्हणजे ठरलं, झालं, हे म्हणाले, 'पुढच्या मुल्कियाला गाडी तुझी.' मुल्किया म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र. त्याच्या नूतनीकरणाला तीन महिने होते. लेक अनया शारजाला कॉलेजात. तिला फोन केला तर म्हणाली, 'आई, बी प्रॅक्टिकल. बाबा कान्ट ड्राइव्ह, अँड यू डोन्ट नो गिअर्स.' खरंच होतं. माझा परवाना केवळ आपोआप गियर बदलणाऱ्या गाडीचा, आणि इथला कायदा त्या दोहोंत स्पष्ट भेद करतो. पण मला एक गोष्ट लख्ख दिसत होती. ही गाडी गेली की ह्यांचा उरलासुरला आवाजही तिच्याबरोबर जाणार. मी त्याच क्षणी मनाशी म्हटलं, बघू कशी जाते ती! आणि डेलला सांगितलं, मुल्कियाच्या आत मी गियरचा परवाना काढला तर गाडी आमची, नाही काढला तर तुझी. त्याने छातीवर हात ठेवला आणि इथे शिकलेल्या उच्चारात म्हणाला, 'इन्शाल्ला, मॅम.'

चोपन्नाव्या वर्षी डाव्या पायाला नवं वळण लावणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! ड्रायव्हिंग स्कूलच्या शैलजा मॅडम केरळच्या, हिंदी त्यांची स्वतःची. 'क्लच, मॅडम, क्लच! बायाँ पाँव सो गया क्या?' चौकाच्या गोल वळणावर माझी गाडी हमखास बंद पडे आणि मागून भोंग्यांचा कल्लोळ. घरी आल्यावर मी रडकुंडीला येऊन बसले की हे काही दिवस नुसते ऐकत. मग एका संध्याकाळी न राहवून उठले, चाचपडत माझ्या तीन चपला आणल्या, जेवणाच्या टेबलाखाली मांडल्या आणि माझ्या हातात पळी दिली. चपला म्हणजे क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. पळी म्हणजे गियर. आणि इंजिन म्हणजे हे स्वतः! तोंडाने घुर्र करायचे, स्वर वर चढवायचे आणि ओरडायचे, 'काट्याकडे बघतेस काय, ऐक! ती मागतेय दुसरा गियर. दे तिला!' चुकीच्या वेळी पळी हलवली की इंजिन धापा टाकत मरे आणि वर माझी टिंगल करी. किती दिवसांनी घरात एवढा गोंगाट झाला होता!

पहिल्या परीक्षेत नापास झाले. परीक्षक म्हणजे इथली तरुण पोलीस अधिकारी. इथे आईला मामा म्हणतात; मायेनेच म्हणाली, 'मामा, क्लच स्लोली,' आणि नापासाचा शिक्का मारला. दुसऱ्या वेळी मी काचेतून फक्त रस्ता पाहिला आणि बाकी सगळं ऐकलं. 'यल्ला, खलास, पार्क हिअर,' ती म्हणाली, आणि हसली. पास! मुल्कियाला नऊ दिवस उरले होते. परवाना ह्यांच्या हातात ठेवला तेव्हा ह्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, बघू हं, डेलला निदान एक फेरी तरी मारून आण.

शनिवारी सकाळी निघालो. शेजारी हे, मागच्या सीटवर डेल. गाडी पहिल्या झटक्यात निघाली आणि माझा ऊर भरून आला. डोंगराच्या रस्त्याला लागण्याआधी पंपावर वळले. मागेपुढे बसलेले दोघे डिझेलची थोरवी गाण्यात मग्न. पंपावरचा मुलगा खिडकीशी आला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघालं, 'भैया, स्पेशल, फुल टँक.' स्पेशल म्हणजे पेट्रोल. माझ्या छोट्या गाडीसाठी हजारदा उच्चारलेले शब्द! झाकणावर पट्टी नव्हतीच, आणि पेट्रोलची बारीक नळी डिझेलच्या रुंद तोंडात अलगद शिरते; कोण अडवणार? मी एका मसाल्याच्या कारखान्यात मालाची पारख करते. धन्यात किंचित कुबटपणा असला तरी मला कळतो, माझ्या नाकाला पगार मिळतो म्हणा ना! पण त्या सकाळी ते नाक अभिमानाने इतकं वर गेलं होतं की त्याला काहीही कळलं नाही.

पैसे दिले, हात किल्लीकडे गेला, आणि ह्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. 'हा वास आपला नाही. किल्ली फिरवू नकोस!'

त्या एका वाक्याने इंजिन वाचलं. पेट्रोल टाकीतून पुढे गेलं असतं तर इंजिनाला तेल पुरवणाऱ्या पंपापासून सगळं निकामी झालं असतं. गाडी ढकलत बाजूला घेतली. डेलने, पंपावरच्या त्या मुलाने आणि अंदाजाने हात टेकवून ह्यांनीसुद्धा. मग ती दुसऱ्या गाडीवर चढवून गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक टाकी रिकामी करत होता आणि मी एका उलट्या डब्यावर बसून ढसाढसा रडत होते. तीन महिन्यांची जिद्द, टेबलाखालच्या चपला, सगळं एका शब्दात सांडलं होतं. मी डेलला म्हटलं, घेऊन जा बाबा गाडी, माझी लायकी नाही. डेलने आपल्या आईची गोष्ट सांगितली. तिनेही अशीच एकदा चूक केली होती आणि वडील आठवडाभर तिच्याऐवजी बाहेरच्या बर्फावरच ओरडत होते. मी हसले नाही. तेव्हा हे उठले, चाचपडत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, 'तुझ्या नाकाला पगार मिळतो. मग माझ्या नाकाला निदान शेजारची सीट तरी दे. गाडी विकायची नाही, डेल. सॉरी, हबीबी.' डेलने हात वर केले. त्याच्या डोळ्यांत हळहळ होती, खोटं कशाला सांगू. पण जाण्याआधी त्याने टाकीचं झाकण स्वतः नीट बंद केलं.

आता त्या झाकणाच्या आत मी पांढऱ्या चिकटपट्टीवर 'डिझेल' असं मराठीत लिहून लावलं आहे. पंपावरच्या मुलाला ते वाचता येत नाही. अनयाने डोक्याला हात लावला. पण ती पट्टी त्याच्यासाठी नाहीच, माझ्यासाठी आहे.

पुढच्या शनिवारी पुन्हा निघालो. खाडीवर तोच खारट वारा, तिवरांवर तेच बगळे. मी किल्ली अर्धी फिरवली. वेटोळ्याचा पिवळा दिवा लागला आणि क्षणात विझला. मी थांबले, मनात तीनपर्यंत मोजायला लागले. शेजारी हे समोर बघत बसले होते, जिथे त्यांना काहीच दिसत नाही तिकडे. मग मान माझ्याकडे वळली आणि सहज, अगदी सहज, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ह्यांनी मला काहीतरी विचारलं.

'विझला का गं दिवा?'

मी म्हटलं, 'विझला,' आणि किल्ली फिरवली.