सर्वांत मोठा आंबा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. साठचं दशक संपत आलं होतं. मुंबईत एम.एस्सी. करताना संगणकाच्या वर्गात बसायला मिळालं. तिथल्या सरांना सुट्टीनंतर नवशिक्यांसाठी एक मदतनीस हवा होता. ते म्हणाले, पहिला पाठ तुम्ही घ्या. मुलांना समजला तर काम तुमचं. ते मिळालं तरच मला पुढे वसतिगृहात राहणं जमणार होतं.

पाठासाठीचा प्रोग्रॅम अगदी साधा होता: दिलेल्या संख्यांतली सर्वांत मोठी शोधायची. मला तो येत होता, पण चारचौघांत बोलायची सवय नव्हती. म्हणून मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या घरी आलो तेव्हा धाकट्या बहिणीला पडवीत बसवलं. समोर झाडावरून उतरवलेल्या आंब्यांचा ढीग होता. तिला म्हटलं, तू यंत्र. पहिला आंबा उजव्या हातात घे, मग एकेक डाव्या हातात. डावा मोठा असला तर तो उजव्या हातात घ्यायचा, नाहीतर डावा बाजूला ठेवायचा. शेवटी उजव्या हातात उरेल तो सर्वांत मोठा.

तिने तसं करून एक आंबा पुढे धरला. त्याहून मोठा एक केळीच्या पानावर वेगळा दिसत होता. सुरुवातीला तिनेच उचलून ठेवलेला.

"ह्यो कित्याक सोडलंस गो?"

"तो देवाचो, दादा. तो ढिगात धरूचो नसता."

खरंच होतं. आमच्याकडे ढिगातून पहिला उचललेला आंबा ग्रामदेवतेचा. मीही तो कधी ढिगात धरला नव्हता, पण तिला यंत्राचे नियम सांगताना त्या आंब्याचं सांगायचं मला सुचलं नाही.

आई आतून म्हणाली, "मुंबयक जावन आंबे निवडूक शिकलंस मां?"

सुट्टीनंतर वर्गात फळ्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यात तुलना दुसऱ्या संख्येपासून सुरू होते. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, पहिली सोडून का दिली? तसा नियमच आहे असं सांगून मोकळा झालो असतो. पण मी त्याला पुढे बोलावलं, सर्वांत मोठी संख्या मुद्दाम पहिली ठेवली आणि त्यालाच यंत्र व्हायला सांगितलं. पहिली संख्या त्याने 'मोठी' लिहिलेल्या चौकटीत मांडली. एकेक तुलना करत गेला, ती चौकट शेवटपर्यंत बदलली नाही. "म्हणजे ती आधीच आत आहे," असं म्हणून तो जागेवर गेला.

सर मागे उभे होते. तास संपल्यावर जवळ आले.

"तुमचा आवाज मागे पोचत नाही," ते म्हणाले. "उद्यापासून जरा मोठ्याने शिकवा."